कोसमटोल्यातला एकुलता दिवा

आमच्या खगोल मंडळाची निरीक्षणाची वही अजून अर्धी कोरी आहे, आणि किश्शांना मात्र जागा पुरत नाही. त्याचं कारण सोपं आहे. दहा माणसं अंधारात एकत्र बसली की एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, आणि तोंड दिसत नसलं की माणूस मनातलं बोलून जातो. आजवर हे किस्से मी चार जणांना हसवायला सांगायचो. या खेपेला हसू आलं तर जरूर हसा. मी मात्र रागात सांगतोय.

*

पहिला जुनाच आहे. आमचा हेमंत बल्लारपूरचा, नोकरी कोळशाच्या खाणीत, आणि दुर्बीण मंडळात सगळ्यांत मोठी. उजेडाचं त्याला भयंकर वावडं! डोळे अंधाराला सरावले की पांढरा उजेड चालत नाही, हे खरंच आहे. म्हणून आम्ही टॉर्चला लाल कागद लावतो. पण हेमंत म्हणजे कुणाच्या मोबाईलचा पडदा उजळला तरी वीज कोसळल्यासारखा ओरडतो.

एकदा मूलच्या पुढे एका बांधीत, म्हणजे धान कापून झालेल्या शेतात, आम्ही दुर्बिणी मांडल्या होत्या. बांधीचा मालक म्हातारा. तो कौतुकानं बघायला आला आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून त्यानं बिडी पेटवली.

"ओ बाबा, विझवा ते! इथं निरीक्षण सुरू आहे ना!" हेमंत गरजला.

म्हाताऱ्यानं एक झुरका घेतला, वर बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "काऊन जी साहेब, बिडीनं चांदण्या इझतेत का?"

शेत त्याचं होतं, हे सांगायला नकोच.

*

रस्त्यावरच्या दिव्याला घालायची खोळ माझ्या बायकोनं शिवली होती. सुनंदानं. जुन्या छत्रीचं काळं कापड, आतून दुहेरी, तोंडाला नाडी. बांबूच्या टोकाला अडकवून खांबावरच्या दिव्याला चढवायची, नाडी ओढायची, की मिट्ट अंधार. मंडळात तिच्या या खोळीचं फार कौतुक होतं.

पण तिचा एक नियम होता. ज्याच्या घरापाशी दिवा, त्याला विचारल्याशिवाय खोळ चढवायची नाही. विचारायला ती स्वतः जायची.

वैनगंगेकाठी एका गावात दिव्याखाली एक ढीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. सुनंदानं विचारलं. तो म्हणाला, "बाई, सकाळी जाळं टाकाचं हाय. एवढं होऊ द्या."

ती परत आली आणि म्हणाली, "चला, उचला."

आठ माणसांनी पाच दुर्बिणी पुन्हा गाडीत भरल्या आणि तीन किलोमीटर पुढे नेऊन मांडल्या. तिथं पोचलो आणि ढग आले! रात्रभर एक तारा दिसला नाही. हेमंत ते अजून बोलून दाखवतो.

सुनंदा मागच्या मार्चमध्ये गेली. खोळ मंडळाच्या पेटीत आहे. नियमाचं काय झालं, तेच सांगतोय.

*

तिच्या तेराव्यानंतर मंडळानं शोकसभा घेतली. आमचे सचिव वाढईसर, निवृत्त फिजिक्सचे शिक्षक. त्यांनी मला एक फ्रेम दिली. इंटरनेटवरून मागवलेलं सर्टिफिकेट, सोनेरी किनार, आणि मजकूर असा, की अमुक एका ताऱ्याला आजपासून सुनंदाचं नाव देण्यात आलं आहे.

हेच वाढईसर दर विज्ञान दिनाला शाळाशाळांत जाऊन सांगतात, "मुलांनो, ताऱ्यांची नावं विकणं ही शुद्ध फसवणूक आहे! अशा भामट्यांपासून सावध राहा!" मी त्यांच्या शेजारी बसून हे दहा वेळा तरी ऐकलंय.

तरी मी फ्रेम घेतली. माणसं चांगल्या मनानं देतात. घरी येऊन खाली छापलेले आकडे नकाशावर लावून बघितले. तारा पार दक्षिण ध्रुवापाशी. चंद्रपूरच्या क्षितिजावर तो कधीही येत नाही. आज नाही, उद्या नाही, माझ्या उरलेल्या आयुष्यात एकदाही नाही.

आकाशाचा अभ्यास करणाऱ्या बावन्न माणसांच्या मंडळात, तो उगवतो की नाही हे एकानंही पाहिलं नव्हतं!

मी वाढईसरांना फोन केला. ते म्हणाले, "सर, भावना बघा हो. आणि कधी ऑस्ट्रेलियाला गेलात तर दिसेलच की!"

*

आता या डिसेंबरचं शिबिर. शुक्रवार आणि शनिवार, दोन रात्री. चंद्रपुरात आकाश उरलेलं नाही. एटापल्लीकडे गेलो तर सूरजागडच्या खाणीच्या वाटेवर ट्रकांचे हेडलाईट संपत नाहीत. म्हणून वाढईसरांनी गडचिरोली जिल्ह्यातला कोसमटोला शोधला. वीसेक घरांची वस्ती, तिन्ही बाजूंनी जंगल, आणि सबंध टोल्यात रस्त्यावरचा दिवा एकच.

दिवा शेवंताबाई मडावीच्या दारासमोर. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिचा नवरा पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला निघाला, आणि टोल्याच्या कडेलाच वाघानं त्याला नेलं. त्यानंतर टोल्यातल्या बायका चार वेळा पंचायतीसमोर जाऊन बसल्या. पाचव्या वेळी दिवा आला. शेवंताबाईच्या घरात म्हातारी सासू. तिला रात्रीतून तीनचारदा बाहेर जावं लागतं, आणि जायची जागा जंगलाच्या बाजूला.

हे सगळं तिनं शुक्रवारी दुपारी आम्हाला अंगणात बसवून, गूळ घातलेला काळा चहा पाजून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग वाढईसर म्हणाले, "बाई, फक्त दोन तासांचा प्रश्न आहे. आठ ते दहा."

शेवंताबाईनं कप गोळा केले. म्हणाली, "मंग वाघाले बी सांगून ठेवा ना जी. आठ ते दहा येऊ नोको म्हणा."

मी मोठ्यानं हसलो. एकटाच.

*

शुक्रवारी रात्री दिवा चालू राहिला. आम्ही बांधीच्या पार टोकाला, तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग आडोशाला घेऊन बसलो. "या ग्लेअरमध्ये काय दिसणार, कपाळ!" असं हेमंत दर पाच मिनिटांनी म्हणत होता. मृग वर आला होता. हातानं धरावा इतका स्वच्छ दिसत होता. पण हेमंतचं तोंड दिव्याकडेच.

साडेनऊच्या सुमारास जंगलातून चितळ ओरडलं. एकदा. मग पुन्हा, जवळून. मग लागोपाठ.

वाघाची चाहूल लागली की चितळ असं ओरडतं, ते आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असतं. पुढच्या मिनिटाला बांधीत एक माणूस उरला नव्हता. लाखाच्या वर किमतीची दुर्बीण तशीच आकाशाकडे डोळा लावून उभी, आणि मंडळ कुठे? मंडळ त्या दिव्याखाली! दहाच्या दहा, खांबाला पाठ लावून, एकमेकांना चिकटून. मीही त्यात होतो, ते लपवत नाही.

तासभर आम्ही तिथं उभे होतो. शेवंताबाई दाराच्या फटीतून बघत होती.

हेमंतनं मान वर करून दिव्याकडे बघितलं आणि कुजबुजला, "अबे, याचा उजेड लयच कमी आहे ना! पंचायतीले सांगून मोठा बसवाले पायजे."

*

शिबिराचा अहवाल सोमवारी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर आला. वाढईसरांचं मराठी फार शुद्ध. "कोसमटोला येथील ग्रामस्थांनी शनिवारी पथदिवा स्वयंस्फूर्तीने बंद ठेवून विज्ञानाच्या कार्यास हातभार लावला." खाली अंगठ्यांची रांग.

मी लिहिलं, "कोणत्या ग्रामस्थांनी?"

उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र आलं.

अहवालात माझ्याबद्दलही ओळ होती. "एका ज्येष्ठ सदस्यांच्या मनःस्थितीमुळे अल्पसा व्यत्यय आला, तो आपण सर्वांनी समजून घ्यावा." माझी मनःस्थिती उत्तम होती. त्या शिबिरात तेवढी एकच गोष्ट ठिकाणावर होती.

*

तो व्यत्यय असा.

शनिवारी संध्याकाळी मी बोरिंगवर पाणी भरायला गेलो होतो. कळशी घेऊन वळलो, तर टोला दिसेना. घरं नाहीत, वाट नाही, काही नाही. वाढईसर आणि हेमंतनं खोळ चढवली होती. कुणाला विचारलं नव्हतं. मी जाब विचारला तर वाढईसर अंधारातून समजावणीच्या सुरात म्हणाले, "काल काही झालं का? नाही ना? मग!"

मी लाल टॉर्च घेऊन शेवंताबाईच्या घराकडे गेलो. ती उंबऱ्याच्या आत उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात सासूचं मनगट. म्हातारी पाय वळवून, आवळून उभी होती. दोघी बाहेर पाऊल टाकत नव्हत्या. किती वेळ तशा उभ्या होत्या, मी विचारलं नाही.

बांबू खांबालाच टेकवून ठेवला होता. नाडी सैल करून खोळ काढायला मला अर्धं मिनिट लागलं. लख्ख उजेड पडला, आणि बांधीतून हेमंत ओरडला, "कोण गाढव आहे बे तो? फोटो गेला ना माह्या!"

"मी आहे," मी म्हणालो. दिव्याखाली उभा होतो, सगळ्यांना दिसतच होतो.

शेवंताबाई बाहेर आली. माझ्या हातातली खोळ घेऊन तिनं उलटीपालटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"बारीक हाय टाका. कोणं शिवली?"

"माझ्या बायकोनं."

"आली नाई ते?"

"गेली ती. मार्चमध्ये. नागपूरला, दवाखान्यात."

"रातची?"

"पहाटे."

"बत्ती होती तिथं?"

"होत्या. पुष्कळ. तिथल्या बत्त्या बंदच करत नाहीत. तिनं दोनतीनदा सांगून पाहिलं."

शेवंताबाईनं खोळीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"आमच्यावाल्याले एक बी नोती," ती म्हणाली. मग तिनं सासूचं मनगट पुन्हा धरलं, एकदा बांधीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "चाल वो माय, लवकर आटप. बत्ती हाय तोवर."