हिरव्या चहाचा दुसरा वाडगा

मुलगी जपानहून पंधरा दिवसांसाठी आली होती, आणि त्यातले बारा दिवस आम्ही दोघी एक विषय सोडून बाकी सगळ्यावर बोललो. विषय साधा होता. तिच्या कंपनीने तिला विचारलं होतं, तिथेच अजून तीन वर्षं राहतेस की ऐरोलीच्या ऑफिसात येतेस? सोमवारी कळवायचं होतं. तिचे बाबा जाऊन चार वर्षं झाली. खारघरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी असते. तिने यावं असं मला वाटत होतं, अगदी पोटातून वाटत होतं. पण आपण होऊन कशाला बोला? ती विचारेल तेव्हा बघू, म्हणून मी गप्प होते.

रविवारी दुपारी तिने जाहीर केलं, की आज मी तुला तिथल्या पद्धतीने चहा देणार. तिकडे ती दोन वर्षं दर शनिवारी चहाच्या क्लासला जाते. चहाचा क्लास! आठवीत असताना मी घरातल्या नऊ माणसांचा चहा करून मग शाळेत जायचे, मला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती हसली आणि टीपॉय ढकलायला लागली.

हॉलमध्ये चटई अंथरली. गुडघे मुडपून टाचांवर बसायचं असतं म्हणे, पण माझे गुडघे ऐकेनात, म्हणून मला मांडीची सूट मिळाली. टीव्ही बंद, मोबाइल आतल्या खोलीत, पंखासुद्धा एकवर. आधी तिने एक पेढा दिला. मी अर्धा खाल्ला आणि अर्धा चहाबरोबर होईल म्हणून ठेवला, तर म्हणते, "आई, तो आत्ताच संपव. गोड आधी, चहा नंतर." मग कामाला लागली. स्वच्छच असलेला वाडगा गरम पाण्याने विसळला, स्वच्छच असलेला चमचा रुमालाने पुसला. मी तोंड उघडणार होते, पण तिच्या हातांकडे पाहिलं आणि राहू दिलं. एरवी ही पोरगी भांडी आपटते. आता मात्र एकेक वस्तू झोपलेलं बाळ ठेवावं तशी खाली ठेवत होती. वाडग्यात हिरवी पूड टाकली, वर गरम पाणी, आणि बांबूच्या इवल्याशा रवीने फेस येईपर्यंत घुसळलं. नक्षीची बाजू माझ्याकडे करून वाडगा पुढे ठेवला आणि वाकली. पिण्याआधी तो आपण दोनदा थोडा थोडा फिरवायचा, म्हणजे नक्षीच्या बाजूला तोंड लागत नाही.

पहिला घोट घेतला आणि मनात म्हटलं, अगं बाई! पालक उकडून उरलेलं पाणी प्यायला दिलं की काय हिने. त्याला ओहोटीच्या वेळी बोनकोड्याच्या खाडीला यायचा तसला हलका वासही होता. माझं माहेर बोनकोड्याचं, त्यामुळे त्या वासाचं मला वावडं नाही. दुसरा घोट कमी कडू लागला. तिसऱ्याला जिभेच्या मागे कुठूनसा गोडवा आला, आणि तो पेढ्याचा नव्हता. दूध नाही, साखर नाही, आलं नाही, तरी मला तो चहा आवडला. जरा रागच आला मला स्वतःचा.

"अजून एक करू?" तिने विचारलं.

"नको गं, पुरे."

तिने मान लववली. वाडगा उचलला, विसळला, पुसला. पुडीच्या डबीचं झाकण लावलं. मी बघतच बसले.

"अगं, एकदाच विचारतात होय?"

"हो. पाहुणा पुरे म्हणाला की पुरे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा."

"मला हवा होता."

"मग नको का म्हणालीस?"

आता हिला काय सांगू? आमच्या बोनकोड्यात पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा पाहुणा हावरट ठरायचा आणि तिसऱ्यालाही नको म्हणणारा शिष्ट. माझी आई तर किटली घेऊन पाहुणीच्या मागे दारापर्यंत जायची, "घे गो बाय, थोरासाच हाय" करत. पहिलं नको हे खरं नको नसतंच मुळी, नुसती सुरुवात असते. मुलगी याच सगळ्यात वाढलेली. पण पाच वर्षं झाली तिला तिकडे, सवय मोडली असणार.

रुमालाची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आई, मी ऐरोलीला येऊ का?"

आणि मी काय म्हणाले? "इथे काय ठेवलंय? तू तुझं बघ. माझं काय, चाललंय."

"बरं," ती म्हणाली.

नुकतं सगळं ऐकलं होतं, तरी तोंडाने आपलंच केलं. ती पुन्हा विचारेल म्हणून मी थांबले. ती चटई गुंडाळायला लागली. खाली सोसायटीत कुणाच्यातरी गाडीचा अलार्म बोंबलत होता, तो बंद झाला. चटई भिंतीला टेकवून ती आत जायला वळली, तेव्हा मला राहवेना.

"थांब. खोटं बोलले मी. ये तू. मला एकटीला करमत नाही."

उभ्या जन्मात मी कुणाकडे असं काही मागितलं नव्हतं. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. ती परत आली, माझ्या शेजारी फरशीवर बसली.

"आई, मला नाही यायचं," ती म्हणाली. "तू नको म्हणशील हे माहीत होतं, म्हणूनच विचारलं. माझं तिथे बस्तान बसलंय गं. मला तिथे बरं वाटतं."

लागलं मला ते. कशाला लपवू? सरळ मागितलं की समोरचाही सरळ नाही म्हणू शकतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिला पुन्हा विचारलं. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा विचारलं. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली, आणि दोन्ही वेळा रडली.