ओली नळी

११ मार्च, मंगळवार. रक्ततपासणीची पावती नऊशे साठ रुपयांची झाली. ड्रायव्हरदादांच्या खिशात तीनशे होते, वरचे सहाशे साठ त्यांच्या कंडक्टरने भरले. "दादा, पैशाचं नंतर बघू. आधी हात पुढे करा," तो म्हणाला, कारण सुई दिसताच ह्यांनी हात पाठीमागे नेला होता.

डेपोत ह्यांना सगळे घड्याळ म्हणत. एकोणतीस वर्षं बस चालवली आणि सहाच्या ड्यूटीला पावणेसहाला हजर नाहीत असं कधी झालं नाही. बाकीचे ड्रायव्हर सहाच्या ठोक्याला घोळक्याने यायचे. तोवर ह्यांनी मागच्या आवारातून बस काढून फलाटाला लावलेली असायची. मग टाइमकीपरच्या खिडकीशी जाऊन श्वासाच्या यंत्रात फुंकायचं आणि सही ठोकायची. खरं तर आधी फुंकायचं आणि मग चावी घ्यायची, असा नियम. पण चावी खिळ्यालाच लटकलेली असे आणि घड्याळला अडवणार कोण? दारूशी त्यांचा संबंध शेवटच्या फेरीतले झिंगलेले प्रवासी सांभाळून उतरवण्यापुरता.

त्या मंगळवारी यंत्राने बेचाळीसचा आकडा दाखवला. डेपोत शून्य लागतं आणि तिसाच्या वर गेलं की पोलीस केस.

टाइमकीपर आधी हसला. "काय हो घड्याळ, आज सकाळी सकाळीच?" मग त्यांचा चेहरा बघून म्हणाला, "चूळ भरा. पंधरा मिनिटांनी पुन्हा घेऊ, तसा नियम आहे." माणूस सरळ होता. दुसऱ्या वेळी त्याने मुद्दाम बरणीतून स्वच्छ नळी काढून लावली. अडतीस. आता कुणीच हसलं नाही. बस फलाटाला उभी होती आणि ती कुणी आणली हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुन्हा कागदावर आला तो असा: नशेत वाहन चालवले.

लायसन्स जप्त, निलंबन, अर्धा पगार. जबाब देऊन सुटका होताच कंडक्टरने त्यांना ओढत तपासणीला नेलं. रक्तात काही निघालं नाही. पण रक्त काढल्याची वेळ होती नऊ चाळीस आणि फुंकल्याची पाच पन्नास. डेपो मॅनेजरनी अहवालावर शेरा मारला, "मधल्या वेळेत उतरली असावी."

घरी मेहुणा आला. "भावजी, खरं काय ते सांगा. आपल्यातच राहील."

"सत्तावीस वर्षं मी ह्यांच्या शेजारी झोपतेय," बायको आतून कडाडली. "माझ्या नाकापेक्षा त्या डबड्याचं नाक मोठं का?"

पण दुसऱ्या दिवशी चहा देताना ती जरा जास्तच वाकली. कपाची कड पुसायलाच वाकली असेल. तरी त्यांनी श्वास रोखून धरला. तेव्हापासून ते तोंडावर हात ठेवून बोलू लागले. हात ठेवला की लोकांचा संशय वाढे, काढला की त्यांचा जीव कासावीस होई.

दोन एप्रिलला मॅनेजरच्या खोलीत चौकशी बसली. चौकशी अधिकारी टाइमकीपरला म्हणाले, "रोज कसं करता, ते करून दाखवा."

टाइमकीपरने बरणी आणली. नव्या नळ्यांचा खोका संपला होता, दुसरा मंजूर झाला नव्हता. एक नळी एकदाच वापरायची असते. पण त्या मंगळवारच्या आदल्या रात्रीपासून त्याने जुन्याच नळ्या रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायला सुरुवात केली होती. कुणाला कुणाचा आजार लागू नये, एवढाच हेतू. सकाळी पहिली नळी काढायची, पुसायची, लगेच लावायची. पुन्हा तपासायला लागली तर म्हणून एक बरणीतच ठेवून बाकीच्या वर्तमानपत्रावर पसरायच्या. सहाचा घोळका येईपर्यंत त्या वाळायच्या.

"फुंका साहेब."

साहेबांनी फुंकलं. छत्तीस.

मॅनेजर चाचरत म्हणाले, "साहेब, सकाळी गुळण्यांचं औषध वगैरे..."

साहेबांनी रुमालाने ओठ पुसले. आकडा कुणीच लिहून घेतला नाही. टाइमकीपर बरणीकडे बघत मटकन खाली बसला. घड्याळच्या तोंडावरचा हात तीन आठवड्यांत पहिल्यांदा आपोआप खाली आला.

"सुटलात तुम्ही," साहेब म्हणाले. "फक्त लिहून द्या, खोकल्याचं औषध घेतलं होतं. त्यात अल्कोहोल असतं. पोलिसांकडचं मी मिटवतो. ताकीद देऊन सोमवारी कामावर."

"पण मला खोकला नव्हता, साहेब. नळी ओली होती."

"नळी लिहिली तर यंत्र प्रयोगशाळेत जाईल. सहा महिने धरा. ही बरणी आणखी कुठल्या डेपोत आहे कुणास ठाऊक, सगळे जुने निकाल उकरले जातील. तोवर तुम्ही घरी, केस चालू. ह्या टाइमकीपरची नोकरी जाईल. आणि न फुंकता चावी घेतलीत, तो ठपका तुमच्यावर राहीलच."

निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यातले सहा म्हणजे किती, हे घड्याळला कुणी सांगायला नको होतं. टाइमकीपर मान वर करत नव्हता. त्याने लावलेल्या नळीने आपल्याला इथे आणलं, आणि आता त्यालाच वाचवायचं?

अख्ख्या थंडीत ते एकदाही खोकले नव्हते. त्यांनी सही केली.

सोमवारी पावणेसहाला ते खिडकीशी उभे राहिले. चावीला हात लावला नाही. बरणी जागच्या जागी होती. कागदावर नळीचा दोष नव्हता, मग बरणी हलणार कशी? टाइमकीपरने नळी काढली, पुसली आणि यंत्राला न लावता वर्तमानपत्रावर ठेवली. दोघंही ती वाळताना बघत राहिले. सहा वाजले. घोळका आला.

"काय घड्याळ, कशाची वाट बघताय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"खोकला थांबायची."

सगळे हसले. टाइमकीपर हसला नाही. मग त्यांनी फुंकलं. शून्य. आवारातून बस काढून फलाटाला लावेपर्यंत नऊ मिनिटं उशीर झाला, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. उशिराच्या कारणाचा रकाना दोघांनी कोरा ठेवला.

कंडक्टरला पाचशे परत दिले. एकशे साठ रुपये देणं बाकी आहे.