नणंदेनं उभं केलं

मला लकवा झाला तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. रिसोडला आमचं घर होतं, हे शाळेत मास्तर. सकाळी भाकरी थापता थापता डावा हात परातीतच राहिला. उठायला गेले तर डावा पायही उठेना.

वैद्यांनी तेल दिलं आणि पडून राहायला सांगितलं. यांनी ते इतकं मनावर घेतलं की पाण्याचा पेलाही माझ्या तोंडाशी धरू लागले. महिनाभर मी खाटेवर आढ्याच्या कड्या मोजत पडले.

मग धनजहून माझी थोरली नणंद बैलगाडीनं आली. ती विधवा होती, बोलायला तिखट. माझ्या लेकीच्या लग्नात मानपानावरून आमचं बिनसलं होतं आणि सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. ती दारातूनच म्हणाली, "कायले पडून राह्यली व? मी तुले भेटाले नाही आली, उठवाले आली."

मला रडू आलं. रागानंच आलं.

आमच्या समोरच्या घरात एक म्हातारे पहिलवान राहत. त्यांचं अत्तराचं दुकान होतं, पण गावातल्या आखाड्यात पोरं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. नणंद सरळ त्यांच्याकडे गेली. ते आमच्या ओसरीवर येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी आत, ते बाहेर, मध्ये उंबऱ्यावर नणंद.

"बहीणबाई, पाय मेला नाही," चाचा म्हणाले. "त्याचा भरोसा तुटला. त्याच्यावर वजन टाका. रोज थोडं, पण नागा नाही, एक दिवसही चुकवायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. नणंदेनं एकावर एक तीन पाट रचले. त्यावर बसायचं, हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. दहा वेळा. आठ-दहा दिवसांनी एक पाट काढला, पुढे दुसरा. माझ्या कमरेला तिनं जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून बांधला होता आणि मागून तो मुठीत धरून ती उभी राही. भिंतीला बोटं लावून मी डाव्या पायावर भार द्यायची. पाय थरथरायचा. बाहेरून चाचा विचारत, "श्वास रोखून तर नाही राह्यली?" नणंद सांगे, "रोखून राह्यली, चाचा." मग मी श्वास सोडायची.

अंगणात तिनं राखेची रेघ ओढली. रेघेवरून चालायचं. रेघ जमली तर मुसळ आडवं टाकायची, ते ओलांडायचं.

एकदा त्या मुसळात पाय अडकला. मी कोसळले, पण पट्टा तिनं सोडला नाही. ती खाली, मी तिच्या अंगावर. तिचं कोपर सोलून निघालं होतं.

"लागलं का हो बाई?" मी घाबरून विचारलं.

"लागन नाही तर काय? गव्हाचं पोतं पडलं अंगावर!"

आधी ती हसली, मग मी. सहा वर्षांत आम्ही पहिल्यांदाच एकत्र हसलो. अंगणात तसंच बसून ती हळूच म्हणाली, "लग्नात मी उगीच बोलली तुले." मी म्हटलं, "मीही काही कमी बोलले नाही." तिनं मान हलवली आणि म्हणाली, "उठ आता. अजून चार चकरा राह्यल्या."

तीळ काढणीला आले तेव्हा मी काठी घेऊन एकटीनं गल्ली ओलांडली आणि चाचांच्या दारात उभी राहिले. आभार कसे मानावेत ते सुचेना. माझी पावलं ऐकून आतून त्यांचाच आवाज आला, "एक कदम हलका, एक जड. जडवाल्याची मेहनत सोडू नका, बेटी." मी दारातूनच नमस्कार केला.

नणंद पाच महिने राहिली. तिची शेती, तिची गाय, सगळं तिनं दिरावर टाकलं होतं, हे मला ती धनजला परत गेल्यावर कळलं. ती कधी बोलली नाही. डावा हात माझा पुरता आला नाही, पायही थोडा ओढतो. पण आठवडी बाजारातली वांगी मी स्वतः निवडून आणू लागले, विहिरीवर बायकांत बसू लागले.

चार वर्षांनी तिचे गुडघे धरले. मी धनजला जाऊन महिनाभर राहिले. रोज सकाळी तिला उठवून अंगणात फिरवत असे, आणि ती वाटभर मला शिव्या देत चालायची.