पंपघराच्या गच्चीवर

महाडच्या पंपघराच्या गच्चीवर एक म्हातारा रोज सकाळी सोलर पॅनेल पुसताना दिसायचा. एकदा मी खालूनच विचारलं, "चाचा, रोज पुसायला लागतं?"

"धूळ बसली की पंप दमतो. गावाची टाकी भरत नाय."

हेच काम त्यानं बारा वर्षं आखातात केलं होतं. आता तिथं त्याचा मुलगा होता.

फडकं पिळून तो पश्चिमेकडे बघत उभा राहिला.

"तिकडं ऊन दीड तासानं पोचंल," तो म्हणाला. "मी तिकडं होतो तवा घरवाली फोनवर सांगायची, रोज सकाळी तुमच्या दिशेला बघते. मी हसायचो. आता ती नाय. पोराकडं मीच बघतो."