माझ्या बदल्यात मिनीव्हॅन

मला ज्या माणसाच्या बदल्यात दुसऱ्या टीमला दिलं, त्याचा डावा गुडघा कामातून गेलेला होता. त्याला पळता येत नसे, उडी मारता येत नसे, आणि चेंडू हातात आला की तो आधी खाली बघायचा आणि मग पुढं. त्याच्याकडे सात जण बसतील अशी मिनीव्हॅन होती, एवढंच त्याचं बलस्थान. हा ट्रेड नव्वदच्या दशकात, अमेरिकेतल्या नेपरव्हिल नावाच्या उपनगरात, मराठी माणसांनी मराठी माणसांशी केला. इतकी वर्षं झाली, पण त्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. शुद्ध मूर्खपणा होता तो.

आमच्या भागात तेव्हा देशी लोकांची बास्केटबॉलची एक छोटी लीग होती. गुजराती, तेलुगू, मल्याळी आणि आम्ही. रविवारी सकाळी एका शाळेची जिम भाड्यानं मिळायची. मराठी लोकांच्या टीमा दोन, कारण एका टीममध्ये राहणं आपल्याला जमत नाही. पहिली घरं घेतलेल्या लोकांनी काढलेली, दुसरी अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी. पहिलीचं मॅनेजमेंट एका काकांकडे होतं. ते भूल देणारे डॉक्टर. साठच्या दशकात पुण्याहून आलेले, निवृत्तीला टेकलेले, आणि चेंडूला उभ्या जन्मात हात न लावलेले. त्यांचे पांढरे बूट नेहमी आजच खोक्यातून काढल्यासारखे दिसायचे.

जानेवारीत काकांच्या बेसमेंटमध्ये ड्राफ्ट व्हायचा. म्हणजे त्या वर्षी नवीन आलेल्या मुलांना भिंतीशी ओळीनं उभं करायचं आणि दोन्ही टीमांनी आळीपाळीनं एकेक उचलायचा. काका टीव्हीवर मोठ्या टीमांचे ड्राफ्ट बघत आणि तिथल्या मॅनेजरांना अक्कल शिकवत. त्यांना कुणाचाच निर्णय पसंत नसे. ‘अरे, याला घ्यायचा सोडून त्याला घेतला, काय डोळे फुटलेत का,’ असं सोफ्यावरून ओरडायचे. त्यांची स्वतःची निवड बघा. एका वर्षी त्यांनी पहिला नंबर स्वतःच्या भाच्याला दिला. कारण विचारलं तर म्हणाले, ‘पोटेन्शियल आहे.’ त्या भाच्यानं सबंध सीझनमध्ये दोन बास्केट केले, त्यातला एक आमच्याच बाजूच्या जाळीत. पुढच्या वर्षी त्यांनी एक उंच मुलगा घेतला. जिममध्ये त्यानं बूट बदलले तेव्हा तो तीन बोटं कमी झाला.

मी त्यांच्या हाती लागलो हा योगायोग. उंची सहा फूट एक इंच, एवढं बघून घेतलं त्यांनी. मी नागपूरचा, युनिव्हर्सिटीकडून खेळलेलो. माझं काम बोर्डाखालचं. चेंडू आपटून परत आला की दोन-तीन धिप्पाड माणसांमधून तो आपल्या हाती घ्यायचा. त्याला रिबाउंड म्हणतात, आणि त्यात नशीब फार थोडं असतं. कोपर सहन करावं लागतं आणि जागा सोडायची नसते. ते मला लहानपणापासून येत होतं, आणि ते कुठं शिकलो हे अमेरिकेत कुणी विचारू नये असं मला वाटायचं.

टीममध्ये माझा एकच खरा मित्र होता. तो पास देणारा, मी घेणारा. आमची घरं दोन रस्त्यांच्या अंतरावर, नोकऱ्या दोघांच्याही शहरात. रोज सकाळी नेपरव्हिल स्टेशनवर तो दोन कॉफ्या घेऊन उभा असायचा. रविवारी मला घरी सोडायलाही तोच यायचा. माझ्याकडे शंभर वेळा जेवला असेल. मी त्याला माझं सगळं सांगितलं होतं, वस्ती, शाळा, वडील, सगळं. नागपूरला आईला पत्र लिहिताना अर्धं पान त्याच्यावरच खर्च व्हायचं. तिला काळजी होती की एवढ्या लांब माझं कोण आहे, आणि मला तिला सांगायचं होतं की आहे कुणीतरी.

ज्या वर्षी ट्रेड झाला त्या वर्षी पहिल्या टीमनं एक रिवाज सुरू केला. मॅच झाली की सगळ्यांनी एकाच्या घरी जेवायचं. पाळ्या लावलेल्या होत्या, काकांच्या फ्रिजवर कागद चिकटवून. मार्चमध्ये माझी पाळी आली. बायको आदल्या दिवशी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत जाऊन सामान घेऊन आली, पहाटे उठून तिनं वडाभात केला, कोंबडीचा रस्सा केला, गोड म्हणून शेवयांची खीर. सगळे आले. मित्राबरोबर त्याची आईही आली, ती नुकतीच सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आली होती. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर आमच्याकडे बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली बुद्धाची मूर्ती असते. माझ्या कोणत्याही घरात ती तिथंच असते.

खोलीतलं बोलणं बंद पडलं असं काही झालं नाही. लोक हुशार असतात. फक्त पानात घेताना हात आखडले. एकाचं पोट बरोबर नव्हतं. एकाला अचानक एअरपोर्टवर कुणाला तरी आणायला जायचं होतं. मित्राच्या आईनं बायकोला विचारलं, ‘मूळ गाव कुठलं तुमचं?’ बायकोनं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, ‘मला आज काही नको हं, नुसता चहा चालेल.’ चहा केला. कप जसाच्या तसा टेबलावर राहिला, वर साय धरेपर्यंत. मित्र मात्र दोनदा रस्सा घेऊन जेवला आणि मला तो त्या दिवशी फार मोठा माणूस वाटला. उरलेलं जेवण आम्ही तीन दिवस खाल्लं.

मंगळवारी ऑफिसातून आलो तर आन्सरिंग मशीनवर काकांचा आवाज. ‘मॅनेजमेंटनं एक डिसीजन घेतलाय. तुला दुसऱ्या टीमला ट्रेड केलंय. टीम केमिस्ट्रीचा प्रश्न आहे. ऑल द बेस्ट.’ बदल्यात गुडघेवाला, त्याची मिनीव्हॅन, आणि पुढच्या ड्राफ्टमधली एक निवड.

कारण मला लगेच कळलं. न कळायला मी काय आभाळातून पडलो होतो? पण मी ठरवलं, जातीवर एक अक्षर बोलायचं नाही. ते बोललं की हे लोक दुखावतात, आणि मग त्यांची समजूत काढण्याचं काम आपल्यावर येतं. मी फक्त खेळाच्या भाषेत बोलणार होतो. बोर्डाखालचा एकुलता एक माणूस देऊन ड्रायव्हर घेणारं मॅनेजमेंट कोणत्या लायकीचं, एवढंच विचारणार होतो. आणि रोज सकाळी ट्रेनमध्ये मी ते विचारत असे. मित्राची साथ होती. तोच जास्त पेटायचा.

‘यार, म्हाताऱ्याला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही,’ तो म्हणायचा. ‘मी तर सरळ सांगितलं, धिस इज द वर्स्ट ट्रेड एव्हर.’

‘मग काय म्हणाले?’

‘काय म्हणणार? जुन्या डोक्याची माणसं ती. त्यांचं काही होणार नाही.’

मला बरं वाटायचं. चाळीस मिनिटांच्या प्रवासात आम्ही काकांची सालटी काढायचो. त्यांचे बूट, त्यांचा भाचा, ड्राफ्टची नावं लिहायची त्यांची पिवळी वही, काही सोडलं नाही. काकांचा मी मनापासून द्वेष केला, आणि तो करताना शेजारी कुणीतरी आहे याचा मला आधार होता.

त्या सीझनमध्ये दुसऱ्या टीमनं पहिलीला दोनदा हरवलं. पहिली टीम शेवटची आली. मला त्याचा आनंद झाला, मी तो लपवणार नाही. दुसऱ्या टीमचा मॅनेजर जळगावचा, लॅबमध्ये काम करणारा एक हसरा माणूस होता. तो म्हणायचा, ‘तुझ्या बदल्यात मी दोन मिनीव्हॅन दिल्या असत्या, काकांनी मागितल्याच नाहीत.’ मॅच झाली की आम्ही सगळे कुणाच्याही अपार्टमेंटमध्ये जमिनीवर बसून पिझ्झा खायचो. पाळ्या वगैरे नव्हत्या.

पुढच्या जानेवारीत, ड्राफ्टच्या आठवडाभर आधी, काका माझ्या दारात उभे. भरपूर बर्फ पडलं होतं. आत आले, बूट काढले, भिंतीवरच्या फोटोकडे बघून घेतलं आणि सोफ्यावर बसले. बायकोनं चहा आणि चिवडा दिला. ते दोन्ही संपवून म्हणाले, ‘तू परत ये. मी तुझ्यासाठी त्यांना ड्राफ्टमधला पहिला नंबर देतो.’

मी वर्षभर जे ट्रेनमध्ये बोललो होतो ते सगळं त्यांच्या तोंडावर बोललो. शेवटी म्हटलं, ‘काका, तुमच्याइतका वाईट मॅनेजर मी पाहिला नाही. तो ट्रेड तर लाज वाटण्यासारखा होता.’

काकांना राग आला, पण माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळ्याच गोष्टीचा. ‘तो माझ्या नावावर टाकू नकोस,’ ते म्हणाले. ‘मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं, बोर्डाखाली आपल्याकडे दुसरा माणूस नाही, रिबाउंड कोण घेणार? मतं पडली. पाच विरुद्ध एक. तो एक मी.’

‘मग ठराव कुणाचा होता?’

‘ज्याच्याकडे तुझ्यानंतरच्या रविवारची जेवणाची पाळी होती त्याचा,’ ते म्हणाले. ‘तुझ्या ट्रेनमधल्या मित्राचा.’

मला उठून त्यांना बाहेर काढावंसं वाटलं, आणि तेही बरोबर झालं नसतं. या माणसानं खरोखरच फक्त खेळ बघितला होता. बाकीचे का हात वर करतायत हे त्याला दिसत होतं, त्यावर तो चकार शब्द बोलला नाही, रिबाउंडवर मात्र बोलला. आणि हरल्यावर फोनही त्यानंच केला. त्याच्याबद्दल आदर वाटावा इतकं ते नव्हतं, पण वर्षभर मी ज्याच्या नावानं खडे फोडले तो हा नव्हता. मी म्हटलं, ‘विचार करून सांगतो.’ ते बूट घालायला बराच वेळ खाली वाकून बसले होते.

सोमवारी प्लॅटफॉर्मवर मित्र नेहमीच्या जागी होता. त्यानं कॉफी माझ्या हातात दिली आणि स्वतःच विषय काढला. ‘काका आले होते म्हणे. ये यार परत. लास्ट इयर काय झालं ते सोड.’

‘ठराव तू मांडलास?’ मी विचारलं.

तो गडबडला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. अडचणीचं काम नीट उरकलेल्या माणसासारखा तो शांत होता. ‘अरे, आई होती ना घरी,’ तो म्हणाला. ‘पुढची पाळी माझी होती. तिच्या हातचं तू जेवणार, ती भांडी, तिचा देव तिथंच किचनमध्ये. तिनं दोन दिवस जेवण सोडलं होतं. मी कुणाकुणाला समजावू? टेम्पररी होतं ते. ती ऑगस्टमध्ये गेली. आता काही प्रॉब्लेम नाही.’

‘परत येणार असतील ना त्या?’

‘येईल, पण जुलैमध्ये,’ तो म्हणाला. ‘तोपर्यंत आपला सीझन संपतो. मी तिकीट तसंच काढलंय.’

माझ्यासाठी त्यानं केवढी सोय केली होती, हे मला कळावं अशी त्याची इच्छा होती. माझ्या घरी दोनदा रस्सा घेणारा हा माणूस मला कॅलेंडर दाखवत होता. मी कॉफी त्याच्या हातात परत दिली आणि गाडी आल्यावर शेवटच्या डब्यात जाऊन बसलो. संध्याकाळी काकांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी पुढची गाडी धरू लागलो.

मे महिन्यात माझी आई आली, पहिल्यांदाच. विमानतळावरून घरी आल्यावर तिनं आधी भिंतीवरच्या फोटोला हात जोडले आणि मग जमिनीवर बसून बॅग उघडली. सुनेसाठी साडी, माझ्यासाठी सांडगे, आणि कुरड्यांची दोन पुडकी. दोन्ही तिनं स्वतः आमच्या गच्चीवर वाळवलेली. एक सुनेच्या हातात दिलं. दुसरं माझ्यापुढे धरलं.

‘हे तुझ्या मित्राचं,’ ती म्हणाली. ‘पत्रात लिहायचास तो. त्याला बोलव रविवारी, मी तळून घालते.’

‘त्याचा ट्रेड झाला,’ मी म्हटलं.

‘म्हणजे? दुसरीकडे गेला का?’

ट्रेड म्हणजे काय ते मला तिला समजावून सांगता आलं असतं. पण मग का झाला तेही सांगावं लागलं असतं, आणि ती एवढा समुद्र ओलांडून त्याच दिवशी आली होती. मी ‘हो’ म्हटलं.