विश्वासकाकांचे ग्रीक रविवार

सुधाकाकूंचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावी, ऑफिसात होते. "मनीषा, काका गेले गं..." एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आमचा सिनेमा अर्धाच राहिला." त्याला आता सात आठवडे झाले. नवरा गेल्यावर बायकोला सिनेमा आठवावा, हे विश्वासकाका ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना विचित्र वाटेल. मला नाही वाटलं.

काका लंडनच्या हाउन्सलो भागातले. सगळी नोकरी विमानतळावर, कार्गोत. इथे नवीन आले तेव्हा ते सायप्रसहून आलेल्या एका ग्रीक न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत. त्याच्याकडे जुन्या ग्रीक विनोदी सिनेमांच्या कॅसेट होत्या. भाषेचं एक अक्षर कळत नसताना काका हसून हसून लोळले, आणि तिथून जे वेड लागलं ते शेवटपर्यंत. ब्लॅक अँड व्हाइट विनोदी सिनेमांचे ते भरभराटीचे दिवस, मग लष्करशहांची राजवट आणि सेन्सॉरची कात्री, तिला चुकवून खरं सांगण्यासाठी दिग्दर्शकांनी शोधलेल्या आडवाटा, पुढे फ्रान्सच्या महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक, आणि अलीकडे देश हलाखीत असताना नव्या मंडळींनी काढलेले ते विक्षिप्त, अंगावर येणारे सिनेमे, ज्यांची ऑस्करवाल्यांनाही दखल घ्यावी लागली... हे सगळं काका घरच्या माणसांबद्दल सांगावं तसं सांगत. "अगं, केवढासा देश! लंडनपेक्षा थोडी जास्त माणसं. आणि अख्ख्या जगाला थांबून बघायला लावलं त्यांनी!"

काकूंना इंग्रजी सबटायटल्स वाचणं जमत नसे. म्हणून दर रविवारी दुपारची जेवणं झाली की काका त्यांच्या उजवीकडे खुर्ची ओढून बसत आणि पडद्यावरची ओळन् ओळ मराठीत सांगत. शिपाई, म्हातारी, नवरी, सगळ्यांना आवाज एकच, काकांचा. पण या सिनेमांत अशा जागा येतात की पाच-पाच मिनिटं कोणी बोलतच नाही. तिथे काका काकूंच्या मनगटावर दोनदा बोटं टेकवत. म्हणजे आता ऐकायचं काही नाही, नुसतं बघ.

एकदा इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या स्नेहसंमेलनात काकांनी हट्टाने असा एक सिनेमा लावला. एक म्हातारी गाठोडं घेऊन डोंगराचा रस्ता चढत होती, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत कॅमेरा जागचा हलला नाही. ती वर पोचेपर्यंत निम्मा हॉल बटाटेवडे झाले का ते बघायला गेला होता. शेवटी उरलो चौघं.

"काका, सुपरहिट!" मी चिडवलं.

"चौघं थांबले ना? पुष्कळ झाले," काका म्हणाले.

चिडवलं खरं, पण मी आतून थक्क झाले होते. एखाद्या माणसाकडे इतका वेळ आपण कधी बघतो का, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. काकांनी ते ओळखलं असावं. नंतर ते मला रविवारी हक्काने बोलावू लागले.

आजारात त्यांचा आवाज बसत गेला, तरी रविवार चुकला नाही. हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं तेव्हाही सिनेमा चालूच होता, नेमका मध्यावर आलेला. काकूंनी ती डीव्हीडी प्लेअरमधून कोणाला काढू दिली नाही.

गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. "उरलेला तू वाच. मला शेवट बघायचाय."

मी काकांच्या खुर्चीपाशी उभीच राहिले.

"बस गं, चावत नाही ती."

मी अडखळत एकेक ओळ मराठीत सांगू लागले. मग पडद्यावर एक रिकामं स्टेशन आलं. बर्फ पडत होता, बाकावर एक बाई आपल्या माणसाची वाट बघत होती. गाडी येईना, कोणी बोलेना. मला ती शांतता सोसवेना. "काकू, मला वाटतं, तो आता काही..."

माझ्या मनगटावर दोन बोटं टेकली. दोनदा. काकूंची नजर पडद्यावरच होती. आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो.