सोडून दिलेला वायू

हल्ली ट्रान्सफॉर्मरमधला वायू यंत्रच मोजतं आणि स्वतःच नोंदवून ठेवतं. माझी नात त्याच कामात आहे. कुवेतमध्ये, रुमैथियातल्या घरी जेवताना ती मला इंग्रजीत समजावत होती.

“ती नोंद माणसाला पुसता येते का गं?”

“नो, आजी.”

“बरं झालं.”

चाळिशीतली मी म्हणजे एक ध्यानच होतं. पिवळं हेल्मेट आणि त्याखाली मुद्दाम बसवून घेतलेले केस, जे दिवसभर कोणाला दिसायचे नाहीत. शुवैखच्या दुरुस्ती कारखान्यात तपासणी करणारी एकटी बाई मीच. डोकं हेल्मेटात मावत नव्हतं.

शुऐबातल्या एका प्लांटचा ट्रान्सफॉर्मर आपोआप बंद पडला होता. माझ्यासोबत रत्नागिरीकडचे फिटर चाचा होते. टाकीवरच्या नळीत काचेची खिडकी असलेली डबी असते. आत वाइंडिंगचे, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे, शेजारचे वेढे जळून एकमेकांना चिकटले, की तेलातून सुटणारा वायू तिथे साठतो. त्या दिवशी डबीतलं तेल अर्ध्यावर उतरलं होतं.

“बाय, वाईच थांब. बाटलीत घेऊया. लांब नेऊन काडी लावू. पेटला तर आत जळतंय, नाय पेटला तर नुसती हवा.”

“चाचा, ही काय चूल आहे? तेल भरताना राहिलेली हवा आहे ती.”

मी तोटी उघडली. फुस्स. माझी हुशारी कुवेतच्या आकाशात गेली, आणि पुरावाही.

मग मेगर लावला. आकडे सुरेख आले. मेगर वाइंडिंग आणि टाकी यांच्यातलं इन्सुलेशन सांगतो. एकाच वाइंडिंगमधले दोन वेढे चिकटलेत का, हे त्याला कळत नाही. परीक्षेत याच उत्तराला मला पैकीच्या पैकी मिळाले होते! ते कळायला वरचे जोड सोडून दोन्ही बाजूंच्या वेढ्यांचा रेशो मोजावा लागतो. पण ऊन मी म्हणत होतं, प्लांटवाले ‘यल्ला, यल्ला’ करत घाई लावत होते. मी म्हटलं, करा चालू.

चाचा आवाज ऐकायला टाकीजवळ गेले. टाकी फुटली. पेटलेलं तेल त्यांच्या दोन्ही हातांवर आलं.

इस्पितळात मी पेज घेऊन गेले. चमच्याने भरवत होते.

“बाय, रिपोर्टात वायूचं लिवलंस ना? नायतर म्हणतील, जोड मीच ढिले ठेवले.”

“लिहिलंय, चाचा.”

मी लिहिलं होतं : वायू आढळला नाही.

चौकशीत दोष त्यांच्यावर आला, इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रद्द झाला. विमानतळावर ते माझीच वाट बघत होते. हात अजून पट्ट्यांत होते, म्हणून चौकशीचा कागद खिशातून मलाच काढायला सांगितला. कागद इंग्रजीत होता, त्यांना ते वाचता येत नव्हतं.

“यात वायूचं कुठं हाय, तेवढं दाखव. घरी पोरांना सांगीन.”

मी एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून ती ओळ नीट बघून घेतली.

त्या ओळीत त्यांचं नाव होतं.